दहापैकी सहा

"दातीर सर, माझी म्हैस विहिरीत पडलीय आणि तुम्ही तिला पाचच मार्क देताय?"

फोनवर नवले मॅडम होत्या. त्यांच्याकडे म्हैस नव्हती आणि विहीरही नव्हती. त्या चिंचवण्याच्या शाळेत पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायच्या. त्या दिवशी त्यांनी आमच्या ग्रुपवर एक म्हैस विहिरीत पाडली होती, कारण मीच तसं काहीतरी पाडायला सांगितलं होतं.

"मॅडम, तुम्ही भविष्यकाळ वापरलाय," मी म्हणालो. "म्हैस पडायच्या आधीच मदत मागताय."

"मग चांगलंच आहे की. पडल्यावर मागून काय उपयोग?"

आम्ही दोघंही हसलो. फेब्रुवारीतला शनिवार होता, सकाळचे साडेअकरा वाजत आले होते. सकाळची शाळा सुटून मास्तर लोक घरी पोचायची ही वेळ. मी तालुक्याच्या साधन केंद्रात एकटाच बसलो होतो. समोर चहा, हातात मोबाईल. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली, पण त्या चहावर साय धरली होती हेसुद्धा मला आठवतं.

तेव्हा मी इंग्रजीचा साधनव्यक्ती होतो. म्हणजे तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना शिकवायचं. शिक्षकांना शिकवण्यासारखं अवघड काम नाही. समोर बसलेला प्रत्येक जण रोज स्वतः शिकवत असतो, त्यामुळे ऐकायची सवय मोडलेली. प्रशिक्षणात सगळे माना डोलवायचे आणि संध्याकाळी मोबाईलवर असं इंग्रजी लिहायचे की पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते कळावं. इंग्रजी शिकवणारा माणूस घाईत दोन ओळी लिहितो तेव्हा त्याचं खरं इंग्रजी बाहेर येतं, असं माझं मत होतं. आजही आहे. म्हणून मी 'इंग्लिश एव्हरी डे' नावाचा ग्रुप काढला. त्यात त्रेचाळीस शिक्षक होते.

नियम तीन होते. पहिला, ग्रुपवर फक्त इंग्रजी. मराठीत लिहील त्याला मी दुसऱ्या दिवसापर्यंत ग्रुपमधून काढून टाकायचो. दुसरा, चूक सगळ्यांसमोर दाखवली जाईल. तिसरा, ज्याची चूक त्याने ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा लिहायचं. शाळेतल्या पोराला लावतो तोच नियम. रोज सकाळी दहाला मी विषय द्यायचो, बाराच्या सुमाराला ग्रुप बंद करायचो. बंद म्हणजे फक्त मीच लिहू शकेन असा. मग आदर्श उत्तर टाकायचो आणि चारला पुन्हा उघडायचो. जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी या उपक्रमाचं नाव घेतलं होतं. त्या कौतुकाची हवा माझ्या डोक्यात पुरती गेली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या शनिवारचा विषय होता: तुम्ही संकटात सापडला आहात, तीन वाक्यांत मदत मागा.

मास्तर लोकांना विषय आवडला. कुणी न्हाणीघरात अडकला, कुणाच्या घरात चोर शिरला. एकाची गाडी घाटात पंक्चर झाली होती आणि सोबत सासू होती. त्याखाली पाचसहा जणांनी सासूला नमस्कार सांगितला. नवले मॅडमच्या म्हशीसाठी एकाने दोर घेऊन निघाल्याचं लिहिलं. मी लाल गोल टाकत, मार्क देत चाललो होतो.

अकरा बेचाळीसला गभाल्यांचा निरोप आला.

"सर, हनी बीज आर बाइट टू माय चिल्ड्रन्स. वन गर्ल इज व्हेरी सिरियस. प्लीज सेंड व्हेईकल ॲट उंबरदरा फास्टली."

लहानू गभाले उंबरदऱ्याच्या शाळेवर होते. उंबरदरा म्हणजे डोंगराच्या पोटातली तीस घरांची वाडी. दोन शिक्षकांची शाळा, त्यातली एक जागा कायम रिकामी. गभाले त्याच भागातले, शेजारच्या खोऱ्यात वाढलेले. त्यांच्या घराण्यात नोकरी करणारे ते पहिलेच. वय पस्तिशीचं, अंगाने काटक, आणि चुकांच्या बाबतीत आमच्या ग्रुपचे राजे. तरीही रोज पहिला निरोप त्यांचाच असायचा. वाडीत रेंज नव्हती. सकाळी अर्धा तास चढून ते कड्याच्या अंगाला एका खडकावर जायचे, मला गुड मॉर्निंग करायचे आणि आदल्या दिवशीच्या चुका वहीत उतरवून खाली यायचे. दोनशे पानी वही होती. प्रशिक्षणात त्यांनी ती मला दाखवली होती. डाव्या पानावर त्यांचं वाक्य, उजव्या पानावर मी सुधारलेलं.

"सर, वही भरत आली," ते म्हणाले होते. "तुमच्यामुळं."

त्या वहीतली काही वाक्यं मी प्रशिक्षणात पडद्यावर दाखवायचो. नाव झाकायचो, पण कुणाची ते सगळ्यांना कळायचं. सभागृह हसायचं. गभालेही हसायचे. आदल्याच आठवड्यात त्यांनी ग्रुपवर मराठीत काहीतरी विचारलं, पोषण आहाराच्या तांदळाबद्दल असावं. मी त्यांना काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत घेतलं तेव्हा त्यांनी इंग्रजीतून माफी मागितली. त्या माफीतही दोन चुका होत्या, त्या मी दाखवल्या.

तर मी मधमाश्यांचा निरोप वाचला आणि खूश झालो. म्हटलं, चला, गभाल्यांनी म्हशीपेक्षा बरं काहीतरी काढलं. मी चार लाल गोल टाकले. मधमाशी चावत नाही, डंख मारते, हे समजावून सांगितलं. चिल्ड्रन या शब्दाला आणखी एस लागत नाही, हे त्यांना बहुधा अकराव्यांदा सांगितलं. आणि खाली लिहिलं: कल्पनाशक्ती उत्तम, व्याकरण कच्चं. सिक्स आउट ऑफ टेन. री-राइट.

त्याखाली मधमाशीची चित्रं आली, हसरे चेहरे आले. एकाने लिहिलं की मध आम्हालाही पाठवा.

अकरा अठ्ठावन्नला गभाल्यांनी पुन्हा लिहिलं. मी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. डंख मारला आहे. चिल्ड्रनचा एस गेला होता. फास्टलीच्या जागी इमिजिएटली होतं. शेवटी फक्त एक शब्द जास्तीचा होता: प्लीज.

मला मनापासून बरं वाटलं. दोन वर्षांत या माणसाने पहिल्यांदा तीन वाक्यं धड लिहिली होती. मी आठ मार्क दिले. दोन का कापले, तेही सांगितलं. मदत मागणाऱ्याने शेवटी थँक यू म्हणायला हवं, आणि ते राहून गेलं होतं.

तेवढ्यात पुन्हा नवले मॅडमचा फोन.

"सर, गभाल्यांचं बघितलं का?"

"बघितलं की. आठ दिले. तुमच्यापेक्षा तीन जास्त."

"तसं नाही. आज त्यांची परिसर भेट होती. पोरांना घेऊन कड्यावर जाणार होते. परवा थांब्यावर भेटले तेव्हा बोलले मला."

"मग?"

"मग कड्याला आग्यामोहोळं असतात, सर. खरंच काही झालं नसेल ना?"

माझं उत्तर मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी हसलो आणि म्हणालो, "मॅडम, वाचणाऱ्याला खरं वाटावं, हेच तर या उपक्रमाचं यश आहे."

"तरी एकदा फोन लावून बघू का?"

"बघा की. पण तिथं फोन कधी लागतो?"

"तेही खरंच," त्या म्हणाल्या.

मी ग्रुप बंद केला. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. मग आदर्श उत्तर टाकलं. ते पाच ओळींचं होतं आणि अतिशय सभ्य होतं. चहा टाकून दिला आणि घरी जेवायला गेलो. शनिवारी आमच्याकडे थालीपीठ असायचं.

दोन वाजता फोन वाजला तेव्हा मी आडवा झालो होतो.

"सर, खरं होतं," नवले मॅडम म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

त्यांच्याकडून जे कळलं ते असं. वाडीतला एक माणूस उंबरदऱ्याहून नऊ किलोमीटर धावत चिंचवण्याला आला होता. शनिवारचा बाजार, म्हणून वाडीतली एकुलती एक जीप सकाळीच गेलेली. मॅडमचं घर जीपच्या थांब्याला लागून. माणूस थांब्यावर बसून धापा टाकत सांगत होता आणि मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी जीप पाठवली, दवाखान्यातल्या डॉक्टरांना हाका मारून बाहेर काढलं आणि त्यांनाही त्याच जीपमध्ये बसवलं.

"दहा मिनिटांत गेली हो गाडी, सर," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांत. सकाळी म्हटलं असतं तर तेव्हाही दहा मिनिटांतच गेली असती."

मी मोटारसायकल काढली. माझ्या गावापासून चिंचवण्याचा दवाखाना पंचवीस किलोमीटर. वाटेत दोनदा थांबून मी मोबाईल पाहिला. ग्रुपवर सगळ्यांत खाली माझंच आदर्श उत्तर होतं. त्यावर कुणाला काही लिहिता येत नव्हतं. ग्रुप उघडायला माझा अंगठा धजेना. उघडून तरी काय लिहिणार होतो?

मी पोचलो तेव्हा मुलगी गेली होती.

यमुना भांगरे, इयत्ता तिसरी. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिला बाकावर ठेवलं होतं आणि वर कुणाची तरी ओढणी घातली होती. नवले मॅडमची असावी, कारण त्या नुसत्या पंजाबी ड्रेसवर होत्या. बाकीची दहा पोरं आत गादीवर ओळीने बसली होती. सुजलेली, पण जिवंत. एका पोराचा कान भज्याएवढा झाला होता आणि तो हाताने चाचपून बघत होता. कुणी रडत नव्हतं. गभाले पडद्यामागे होते, त्यांना सलाईन लावलं होतं.

डॉक्टर तरुण होते, नुकतेच लागलेले. मी त्यांना बाजूला घेतलं.

"तासभर आधी मिळाली असती तर?" मी विचारलं.

"तुम्ही कोण?"

"मी... शिक्षक. गभाल्यांच्या ओळखीचा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सर, असं सांगता येत नाही. काहींना दहा डंखांत होतं, काही शंभरातून उठतात. इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर शक्यता होती. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

त्यांनी नक्की सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. इकडे किंवा तिकडे, काहीही एक.

यमुनाचा बाप व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. डोक्याचं फडकं सोडून त्याने मांडीवर ठेवलं होतं. मी साहेबासारखा दिसत असणार, कारण मला बघून तो उठून उभा राहिला. मी त्याला बसा म्हणालो, तरी बसला नाही.

"गुरुजींचं काय चुकलं नाय, साहेब," तो म्हणाला. "तेंच्यावर काय आळ घेऊ नका. पाटीमागून तेच गेले तिच्याकडं. आंगावर पडले तिच्या. खांद्यावर घिऊन उतरले सगळा डोंगुर."

"मी आळ घ्यायला नाही आलो," मी म्हणालो.

"वरनं फोन केला म्हणत्यात तेंनी. शिकल्याली मान्सं हायेत, तेंना निरोप दिलाय, गाडी निघाली, आसं बोलले. आमी शाळंपाशी वाट बघत बसलो. येक वाजला तरी गाडी नाय. मग आमच्यातला येक जण पळत सुटला." त्याने फडक्याने तोंड पुसलं. "रस्त्यात कुठं बंद पडली का हो गाडी?"

नवले मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनी तेव्हा बोलायला हवं होतं, किंवा मी. आम्ही दोघंही बोलणं शिकवणारी माणसं.

संध्याकाळी मी ग्रुप उघडला. तोवर बातमी सगळीकडे गेली होती. एकेक करून बाकीच्यांचे शोकसंदेश येऊ लागले, आणि नियम पाळायची सगळ्यांना इतकी सवय झाली होती की ते इंग्रजीत आले. मराठीत एकही नाही. दुःख झालं, मुलीच्या आत्म्याला शांती लाभो, गभाले सर लवकर बरे होवोत. घाईत लिहिलेले, तीन-तीन ओळींचे. मध पाठवा म्हणणाऱ्यानेही लिहिलं. त्यांत चुका होत्या. मी जेवणाच्या ताटावर बसून ते वाचत होतो आणि मला चुका दिसत होत्या. काही केल्या त्या दिसायच्या थांबेनात. बायकोने मोबाईल काढून घेतला तेव्हा कुठे सुटलो.

गभाल्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. सोमवारी मी गेलो. रात्रभर बसून मी काय बोलायचं ते ठरवलं होतं. मराठीत ठरवलं होतं. चूक माझी आहे, मी लेखी देतो, तुम्ही सांगाल तिथे सांगतो, असं सगळं.

त्यांना ओळखणं अवघड होतं. चेहरा मडक्यासारखा टम्म फुगलेला, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. हातापायांवर औषध चोपडलेलं. कॉटच्या कडेला त्यांची बायको बसली होती, माझं नाव ऐकल्यावर पदर सारखा करत उठली.

"अहो, दातीर सर आलेत."

"सर?" ते म्हणाले आणि उठायला लागले. मी त्यांचे खांदे धरून पुन्हा टेकवलं. "बसा, सर. अगं, सरांना स्टूल दे. तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"गभाले सर, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"आधी मला सांगू द्या, सर. दोन दिस झाले, डोक्यात तेच फिरतंय. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

मी स्टूल जवळ ओढलं.

"पोरं टाक्यापाशी डबे खात होती," ते सांगू लागले. सूज तोंडातही होती, त्यामुळे शब्द जड येत होते. "घारीनं मोहोळाला टोच मारली असंल. एकदम अंधारून आलं, सर. मी पोरांना सतरंजीखाली घातलं. दहा मोजली. यमुना पाण्याच्या बाटल्या भरायला गेल्याली. तिला आणली. मग सगळ्यांना कपारीत बसवलं आणि खडकावर गेलो. फोन एकशेआठला लावला, लागंना. केंद्रप्रमुखांना लावला, लागंना. बोलणं होत नाही तिथून, पण निरोप जातो. तुमचा ग्रुप सगळ्यांत वर होता. म्हटलं, त्रेचाळीस माणसं आहेत, कुणीतरी बघंल. मराठीत लिहिणार होतो. पण मागच्या आठवड्यात तुम्ही काढलं होतं ना. म्हटलं, आत्ता काढलं तर निरोप कुणालाच दिसायचा नाही."

"गभाले सर..."

"मग तुमचं उत्तर आलं. सहा मार्क. मला काय कळंना. विषय काय होता ते मला कुठं माहीत? नंतर नवले बाईंनी सांगितला. मला वाटलं, सर म्हणतायत नीट लिही, निरोप नीट कळत नाही. डोळे सुजत चाललेले, अक्षरं दिसंनात, तरी तुम्ही सांगितलं तसं एकेक बघून लिहिलं. आठ मिळाले. तेव्हा म्हटलं, पोचला निरोप. आता गाडी निघाली. थँक यू राहिलं होतं, ते लिहायला गेलो, तर लिहायची जागाच गेलेली."

त्यांची बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"आठ मिळाले म्हणून मी माणूस पाठवला नाही, सर. शाळंत आल्या आल्या पाठवला असता तर? चूक झाली ती माझी. पण मला एक सांगा. निरोपात नेमकं काय चुकलं होतं? कशामुळं समजला नाही कुणाला?"

"काहीही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "पहिल्यांदा लिहिलं तेच बरोबर होतं. लहान पोरालाही कळलं असतं. चूक माझी झाली. मी वाचलंच नाही, गभाले सर. मी फक्त तपासलं."

त्यांनी सुजलेला चेहरा माझ्याकडे वळवला.

"असं कसं, सर? बरोबर असतं तर तुम्ही सहा कशाला दिले असते?"

रात्री ठरवलेलं सगळं बोलून झालं होतं आणि ते समोरच्या माणसापर्यंत पोचलं नव्हतं. मी पुन्हा तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत. हात जोडले. त्यांनी चाचपडत माझे जोडलेले हात धरले आणि खाली केले.

"असं करू नका, सर. तुम्ही आमचे गुरुजी." मग बायकोला म्हणाले, "वही दे गं."

पिशवीतून वही निघाली. तीच, दोनशे पानी. शेवटची दोन पानं कोरी होती.

"तुम्ही लिहून द्या," ते म्हणाले. "बरोबर कसं लिहायचं ते. पुन्हा कधी वेळ आली तर चुकायला नको. पोरं घेऊन राहायचं आहे तिथं."

मी नाही म्हणालो. ते म्हणाले, लिहा. त्यांची बायको म्हणाली, "लिहा ना सर, त्यांच्या जिवाला बरं वाटंल." मी पेन घेतलं.

माझं अक्षर चांगलं आहे. मला आदर्श उत्तर पाठ होतं, तेच लिहायला मी वही मांडीवर घेतली. पण हाताने लिहिलं ते वेगळंच. दोन दिवस मी रात्रंदिवस एकच निरोप वाचत होतो, तोच उतरला. हनी बीज आर बाइट टू माय चिल्ड्रन्स. वन गर्ल इज व्हेरी सिरियस. प्लीज सेंड व्हेईकल ॲट उंबरदरा फास्टली.

मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अगदी नाकाशी धरली, एका डोळ्याची चीर बोटाने उघडून वाचली.

"सर, हे तर माझंच आहे."

"हो."

"चुका तशाच राहिल्यात."

त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं. बोटं सुजलेली होती, पेन नीट धरता येत नव्हतं, तरी लहान मुलासारखं मुठीत धरून त्यांनी एकेक शब्दाखाली रेघ ओढली. बाइटवर काट मारली, वर स्टंग लिहिलं. चिल्ड्रन्सचा एस खोडला. फास्टली खोडलं. मला थांबवता आलं असतं. मी बसून पाहत राहिलो. सगळ्यात शेवटी, पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत, त्यांनी मोठ्या अक्षरांत थँक यू लिहिलं.

मग वही माझ्यापुढे धरली. त्या दोन चिरांच्या आत काय होतं ते मला तेव्हा दिसलं नाही, आणि नंतर कधी विचारायचं धाडस झालं नाही.

"आता किती, सर?" त्यांनी विचारलं.